वरच्या मजल्यावर तेल

टाकीसाहेबांनी ड्रिल मशीनचं बटण पुन्हा दाबलं आणि तेलाच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. नुसता होता असं नाही, तिथे त्याने बिऱ्हाड थाटलं होतं.

"हवा अडकली असेल," ते म्हणाले. शेडमध्ये ऐकायला कोणी नव्हतं. पण सवय होती.

उभी नोकरी त्यांनी पाणीपुरवठा खात्यात काढली होती. उंच टाकीची जबाबदारी त्यांच्याकडे, आणि तक्रारींचा फोनही त्यांच्याच टेबलावर. त्यामुळे अख्खी वस्ती त्यांना टाकीसाहेब म्हणायची, आणि निवृत्तीनंतर खात्याने टाकी ठेवून घेतली तरी नाव परत मागितलं नाही. खात्यात तक्रारीला दोनच उत्तरं होती. पहिला फोन आला की, "हवा अडकलीये. थोडा वेळ थांबा." त्याच माणसाचा दुसरा फोन आला की, "वर कळवलंय." वर म्हणजे कुठे, हे कधी कोणी विचारलं नाही. वर टाकी होती आणि टाकीवर कबुतरं होती. तिसरा फोन सहसा यायचा नाही. तोवर एकतर पाणी आलेलं असायचं, नाहीतर माणूस समजूतदार झालेला असायचा.

आता मात्र फोनच्या दोन्ही टोकांना टाकीसाहेब स्वतःच होते.

समोर सासऱ्यांची जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती. तिचं इंजिन टाकीसाहेबांनी नट न् नट खोलून, घासूनपुसून, नवी बेअरिंगं घालून पुन्हा जोडलं होतं. पण असं नव्याने जोडलेलं इंजिन लगेच चालू करता येत नाही. ओतलेलं तेल जाऊन बसतं तळाच्या चेंबरमध्ये. वरच्या सगळ्या वाटा आणि बेअरिंगं कोरडी ठणठणीत. तसाच स्टार्टर मारला तर तेल वर पोचायच्या आत धातू धातूला खातो आणि सगळ्या मेहनतीचा चुरा होतो. म्हणून आधी ठिणग्या वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर काढायचा, त्याच्या भोकातून एक लांब दांडा खाली ऑइल पंपाच्या खाचेत बसवायचा, वरून तो ड्रिलने फिरवायचा, आणि इंजिन झोपलेलं असतानाच तेल पार वरपर्यंत चढवायचं.

पुस्तकात हे वाचलं तेव्हा टाकीसाहेबांना भरून आलं होतं. तळाला टाकी, मध्ये पंप, तिथून निघालेल्या नळ्या, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर एका दांड्यावर ओळीने बसलेले, व्हॉल्व्हची उघडझाप करणारे रॉकर, रिकाम्या बादल्या घेऊन बसल्यासारखे! गाडी बनवणाऱ्याने हे काम खास आपल्यासाठीच राखून ठेवलं होतं, असं त्यांना वाटलं. आणि सकाळपासून त्याच वरच्या मजल्यावर तेलाचा थेंब पोचला नव्हता.

हे काम आज संध्याकाळच्या आत व्हायलाच हवं होतं. कारण संध्याकाळी मेहुणे क्रेन घेऊन येणार होते.

मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. गाडी दोघा भावंडांच्या नावावर होती. पण मेहुण्यांच्या दारात जागा नव्हती म्हणून सासऱ्यांच्या मागे ती इथे येऊन पडली आणि पडूनच राहिली. मेहुणे दर भेटीत तिच्यावर बोट फिरवायचे, बोटावरची धूळ बघायचे आणि सुस्कारा सोडायचे. शेवटी एक दिवस त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बाबांची गाडी अशी सडताना मला बघवत नाही. मोडीत देऊन टाकू."

"दोन महिने द्या, दादा," टाकीसाहेब म्हणाले. "मी चालू करून दाखवतो."

"तुम्ही?"

"पंपच आहे तो. जरा मोठा."

मेहुण्यांनी कप पुन्हा उचलला. "ठीक आहे. दोन महिन्यांनी रविवारी मी येईन. गाडी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर आली पाहिजे. ढकलायची नाही, ओढायची नाही, ड्रायव्हर बोलवायचा नाही. तुम्हा दोघांपैकी कोणीतरी चालवत बाहेर आणा. आली, तर गाडी तुमची. नाही आली, तर क्रेन."

"मान्य," टाकीसाहेब इतक्या झटकन म्हणाले की बायकोने त्यांच्याकडे वळून बघितलं. का बघितलं, हे त्यांनाही कळलं. पण तो पुढचा विषय होता. आणि पुढचा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचा, ही खात्याची पद्धत होती.

मेहुणे गेल्यावर बायको कप उचलता उचलता म्हणाली, "बाबा चालवायचे, दादा शेजारी बसायचा. आई आणि मी मागे, मांडीवर डबे घेऊन. मला त्या गाडीत पुढे बसायचं राहूनच गेलं." एवढं बोलून ती कप विसळायला गेली. पुन्हा त्याबद्दल चकार शब्द नाही.

टाकीसाहेब त्यानंतर सगळ्यांना सांगत फिरले की, हल्ली अशी दणकट इंजिनं होत नाहीत, म्हणून आपण हा खटाटोप करतोय. खरं कारण त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. बायकोला तर मुळीच नाही.

आता ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. चढणीवरची लाइन सुरू होत नसली की खात्यात काय करायचे? सगळ्यात वरचा एअर व्हॉल्व्ह उघडायचे. हवा फुसफुसत निघून जायची, मागून पाण्याची पिचकारी आली की बंद करायचे. इंजिनाला एअर व्हॉल्व्ह नव्हता, पण त्याच्या कुशीला, चांगली वरच्या बाजूला, एक बारीक तांब्याची नळी जोडलेली होती. तेलाचा दाब काट्यापर्यंत नेणारी. टाकीसाहेबांनी तिचा नट सोडवला, नळी बाजूला वाकवली आणि खात्रीने मान हलवली. आता हवेला वाट मिळाली.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. खात्यात उघड्या एअर व्हॉल्व्हपाशी एक माणूस उभा करायची पद्धत होती. इथे माणूस नव्हता.

ते पुन्हा ड्रिलकडे वळणार, एवढ्यात शेजारचे दातवाले डॉक्टर हातात वर्तमानपत्र घेऊन दारात आले. त्यांनीही दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती.

"टाकीसाहेब, तो आवाज आवरा. आमच्या हिला वाटलं, मी पुन्हा प्रॅक्टिस सुरू केली."

"डॉक्टर, वर तेल पोचत नाहीये."

"हं." डॉक्टरांनी वर्तमानपत्र घडी करून खिशात घातलं आणि ते बॉनेटखाली डोकावले. "कधीपासून त्रास आहे?"

"सकाळपासून."

"आधी असं कधी झालं होतं?"

"डॉक्टर, गाडी आहे ही."

"ते दिसतंय मला. तुमचं मशीन कुठल्या दिशेने फिरतंय?"

"सरळ. घड्याळासारखं."

"आणि फिरायला कुठल्या दिशेने पाहिजे?"

टाकीसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. डॉक्टरांनी सवयीने आत डोकावून बघितलं.

डिस्ट्रिब्युटर उलटा फिरतो, हे टाकीसाहेबांना चांगलं माहीत होतं. विसरू नये म्हणून त्यांनी स्वतःच इंजिनावर खडूने उलटा बाण काढला होता, आणि मग त्या बाणावरच फडका ठेवला होता. म्हणजे सकाळपासून त्यांनी वरच्या मजल्यावर तेल चढवलं नव्हतंच. वरच्या मजल्यावरची हवा खाली खेचून टाकीत बुडबुडे काढले होते.

"मग उलटं फिरवा," डॉक्टर म्हणाले.

"फिरत नाही. निरोप समारंभात खात्याने दिलंय. एकाच दिशेने फिरतं."

रविवार असल्याने हार्डवेअरचं दुकान बंद होतं. दोन्ही दिशांना फिरणारं ड्रिल ओळखीत एकाच माणसाकडे होतं, आणि तो माणूस संध्याकाळी क्रेन घेऊन येणार होता. डॉक्टरांनी आपलं दाढा कोरायचं मशीन द्यायची तयारी दाखवली, पण त्याने पंप फिरायचा म्हणजे काडीने विहीर उपसण्यातला प्रकार होता.

त्याच वेळी बायको स्वयंपाकघराच्या दारातून शेडमध्ये आली. एका हाताने तिने भांडं कमरेवर धरलं होतं, दुसऱ्या हातात विजेचं बीटर. ओव्हनमध्ये केक होता आणि भांड्यात त्यावर लावायचं क्रीम. दादाला तिच्या हातचा केक आवडायचा. इंजिनाने दगा दिलाच, तर निदान केकने थोडी मुदतवाढ मिळावी, असा तिचा हिशेब होता. अलीकडे तिचे असे बरेच हिशेब चाललेले असत. रोज सकाळी ती फिरायला जायची आणि घामाचा टिपूसही न येता परत यायची. पण टाकीसाहेबांचं डोकं इंजिनात असायचं. ती गेलेली त्यांना कळायची, आलेली कळायची, मधलं काही कळायचं नाही.

"काय झालं? दोघांचे चेहरे असे का?"

टाकीसाहेबांनी सांगितलं. सांगताना फडक्याचा भाग गाळला.

बायकोने हातातल्या बीटरकडे बघितलं. "याची दोन पाती एकमेकांच्या विरुद्ध फिरतात."

"कोण म्हणतं?"

"क्रीम म्हणतं. दोन्ही एकाच बाजूला फिरली असती, तर ते भिंतीवर गेलं असतं. एक तुमच्या ड्रिलसारखं फिरतं, दुसरं उलटं. उलटं तुम्ही घ्या."

डॉक्टर भारावून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सर्जन व्हायला हवं होतं."

"अगं, पण मग क्रीमचं?"

"क्रीम झालंय. पण हे तिसऱ्या नंबरावर नेऊ नका हं. तिसऱ्यावर बटण अडकतं. मग प्लग काढल्याशिवाय थांबत नाही. आणि मीच धरणार. त्याचा स्वभाव मला माहितीये."

पुढची बरीच मिनिटं शेडमध्ये कानस, करवत आणि अधूनमधून "अरे देवा" यांचे आवाज येत राहिले. उलट्या पात्याच्या वाटोळ्या तारा कापून टाकीसाहेबांनी नुसती दांडी ठेवली, ती रबरी नळीच्या तुकड्याने पंपाच्या दांड्याला जोडली आणि दोन्हीकडून क्लिपा आवळल्या. स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून दारात ठेवला. ओव्हनचा प्लग आधीपासूनच त्याच्यावर होता, त्याच्या शेजारी बीटरचा गेला. वरचा मजला दिसावा म्हणून त्यांनी रॉकरवरचं झाकण काढलं. डॉक्टर घरी जाऊन दात बघायचा छोटा गोल आरसा आणि टॉर्च घेऊन आले, आणि रॉकरच्या ओळीवर असे वाकले की आता "आ करा" म्हणतात की काय.

"याचा क्लच कडक आहे का हो?" क्रीमचं भांडं टाकीसाहेबांकडे देऊन बीटर दांड्यावर बसवता बसवता बायकोने विचारलं.

"का गं?"

"सहज. बाबांचा गुडघा दुखायचा ना."

"क्लचचं नंतर. आधी तेल. पहिला नंबर!"

बीटर गुणगुणू लागलं. दांडा फिरू लागला, बाणाच्या दिशेने.

"काही दिसतंय, डॉक्टर?"

"कोरडं. अगदी उपाशी पोटी आल्यासारखं."

"हवा अडकलीये," टाकीसाहेब म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं, याचा त्यांना केवढा आनंद झाला! "थोडा वेळ थांबा. दुसरा नंबर!"

बीटरचा आवाज चढला. वरचा मजला कोरडाच. बायकोने पकड आणखी घट्ट केली. आणि नेमका त्याच क्षणी शेडच्या दारात उजेड अडला.

"हे काय चाललंय?" मेहुणे म्हणाले.

ते लवकर आले होते. अंगात दुधासारखा पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. क्रेन गल्लीच्या तोंडाशी उभी करून ते चालत आले होते. वेळेच्या आधी आणली असं कोणी म्हणू नये, हा त्यामागचा सभ्यपणा. आत बघतात तो धाकटी बहीण बॉनेटवर ओणवी होऊन वडिलांच्या गाडीला बीटरने घोटतेय, एक दंतवैद्य तिच्या इंजिनात आरसा घालून बसलाय, आणि बहिणीचा नवरा म्हणवणारा गृहस्थ काखोटीला क्रीमचं भांडं मारून उभा आहे.

"छोटे, तू केक करतेयस की गाडी?"

"दोन्ही! दादा, तू जरा मागे हो."

मागे हो म्हटल्यावर पुढे यायचं, हे थोरल्या भावांना शिकवावं लागत नाही. मेहुणे आले ते थेट इंजिनाच्या कुशीशी, जिथे तांब्याची नळी बाजूला वाकलेली होती, तिथे येऊन वाकले. "ही नळी अशी का?" असं ते विचारणार होते. त्यातलं "ही" एवढंच बाहेर पडलं.

कारण दादाला बघून बायकोचा अंगठा दचकला आणि बटण तिसऱ्या नंबरावर गेलं.

बीटरने किंकाळी फोडली. मग एकाएकी त्याचा आवाज जाड झाला, जड झाला, घशात घास आल्यासारखा झाला. टाकीसाहेबांच्या अंगावर काटा आला. उभ्या जन्मात तो आवाज ते विसरणार नव्हते. रिकाम्या पंपात पाणी शिरलं की असाच होतो!

"धरलं!" ते ओरडले. "पंपाने धरलं!"

उघड्या भोकातून आधी एक ढेकर आला आणि पाठोपाठ तेलाची पिचकारी. ती मेहुण्यांच्या शर्टाच्या खिशात शिरली, कॉलरवरून हनुवटीवर चढली आणि तिथून छतावर पोचली.

"बंद कर! बंद कर!"

"होत नाहीये! अडकलं! डॉक्टर, प्लग काढा!"

डॉक्टर तत्परतेने धावले. बोर्डावर दोन प्लग होते. उपटताना डॉक्टरांनी जन्मभर कधी विलंब केला नव्हता. त्यांनी एक प्लग धरून खसकन उपटला. स्वयंपाकघरात ओव्हनचा दिवा विझला. बीटर चालूच.

टाकीसाहेबांचे दोन्ही हात क्रीमचं भांडं सावरण्यात गुंतलेले. पिचकारी चालूच. मेहुण्यांनी एक हात तोंडासमोर धरला, दुसऱ्या हाताने आंधळेपणाने चाचपलं, आणि जिथून तेल येत होतं त्या भोकावर आपला अंगठा दाबून धरला.

पिचकारी थांबली.

उघड्या एअर व्हॉल्व्हपाशी अखेर माणूस उभा राहिला होता.

"सोडू नका, दादा! अजिबात सोडू नका!"

"जावईबापू, माझा शर्ट..."

"शर्ट गेला! अंगठा सोडू नका! आता त्याला वरच जावं लागेल!"

तेलाची खालची वाट बंद झाली होती. बीटर कण्हत होतं, त्याच्या पोटातून जळकट वास येऊ लागला होता. डॉक्टर दुसरा प्लग धरून आज्ञेची वाट बघत उभे. "हा काढू?"

"नको!" तिघेही एकदम ओरडले. त्यात मेहुण्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

त्यांचा चेहरा रॉकरच्या ओळीपासून वीतभर अंतरावर होता. तेलाने भिजलेल्या भुवयांखालून ते एकटक बघत होते. पहिल्या रॉकरच्या खांद्यावर काहीतरी चमकलं. थेंब फुगला, थरथरला आणि ओघळला. मग दुसऱ्यावर. मग ओळीने, एकेका बिऱ्हाडात दिवा लागत जावा तसं, शेवटच्या रॉकरपर्यंत मधासारखं तेल उमललं.

"आलं!" मेहुणे ओरडले. "छोटे, आलं! वर आलं!"

बीटरने शेवटचा आचका दिला, निळा धूर सोडला आणि ते शांत झालं. डॉक्टरांनी मग प्लग काढला आणि ते हळू आवाजात म्हणाले, "गेलं."

मेहुण्यांचा अंगठा अजून भोकावरच होता.

"आता काढा दादा," टाकीसाहेब म्हणाले.

"थांबा जरा." मेहुण्यांनी नाकाने श्वास ओढून घेतला. "बाबांच्या अंगाला असाच वास यायचा. रविवारचा." मग ते स्वतःशीच हसले. "मला ते फक्त टॉर्च धरायला लावायचे. कधी हात लावू दिला नाही. दिवसभर टॉर्च धर, आणि उजेड हलला की बोलणी खा."

"आणि मी त्यासाठी पण नाही," बायको म्हणाली. "मी नुसती डबे धरायला."

पुढच्या तासाभरात जे झालं ते बघायला क्रेनचा ड्रायव्हरही शेडच्या दारात येऊन टेकला. नळी जागेवर बसली. झाकण लागलं, सांडलं तितकं तेल पुन्हा ओतलं गेलं, डिस्ट्रिब्युटर आपल्या घरी गेला. टॉर्च डॉक्टरांनी धरली. पाने मेहुण्यांनी हातात घेतले, ते कोणाला देईनात. ड्रायव्हरच्या सीटवर टाकीसाहेब बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग एकदम गाऊ लागलं, आणि दाबाचा काटा आपलं शून्यावरचं बिऱ्हाड मोडून तुरुतुरु वर चढला.

बायकोने पदर तोंडाला लावला. टाकीसाहेबांनी ते बघितलं आणि काट्याकडे बघत असल्याचं सोंग केलं.

"वा!" मेहुण्यांनी हात पुसले. मग ते ताठ उभे राहिले. कॉलरमधून अजून तेल ठिबकत होतं, पण चेहऱ्यावर थोरलेपणा परत आला होता. "पण नियम म्हणजे नियम. गेटबाहेर. काढा गाडी, जावईबापू."

टाकीसाहेब हलले नाहीत.

पुढच्या विषयाची बैठक येऊन ठेपली होती. इंजिन त्यांच्यासमोर सुरेल गात होतं, पायांखाली तीन पेडल होती, आणि त्यातलं कुठलं कशासाठी, हे त्यांना पुस्तकातल्या चित्रापुरतं माहीत होतं. खात्याने त्यांना जीप दिली होती आणि जीपबरोबर ड्रायव्हर. स्टिअरिंग त्यांनी आयुष्यात एकदाच धरलं होतं, जीप उभी असताना, दसपट मोठा झाल्यासारखं वाटतं का ते बघायला.

"दादा," ते घसा खाकरून म्हणाले, "त्याचं असं आहे..."

"काय? अजून हवा अडकलीये?"

"नाही. म्हणजे, मला येत नाही."

"काय येत नाही?"

"गाडी."

डॉक्टरांच्या हातातली टॉर्च हलली. मेहुण्यांनी आधी टाकीसाहेबांकडे बघितलं, मग इंजिनाकडे, मग आपल्या शर्टाकडे. "अहो, मग दोन महिने तुम्ही हे सगळं कशाला...?"

याचं खरं उत्तर टाकीसाहेबांकडे होतं. पण ते चारचौघांत देण्यासारखं नव्हतं. आणि ते उत्तर नेमकं त्यांच्या शेजारी दार उघडून उभं होतं.

"सरका," बायको म्हणाली. "उतरा म्हणजे. पुसून घेते ती सीट."

"तू?"

"हो."

"अगं, ही काय बीटर आहे का?"

"बीटर जास्त अवघड होतं." ती बसली. सीट पुढे ओढली. आरसा आपल्याकडे वळवला. "रोज सकाळी शिकायला जात होते."

"फिरायला जाते म्हणायचीस!"

"फिरूनच शिकवतात. तुम्ही 'मान्य' म्हणालात तेव्हाच मला कळलं, की इंजिनाचं तुम्ही बघाल, पुढचं मलाच बघावं लागणार."

"लायसन्स?" मेहुण्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"पर्समध्ये आहे. फोटो बघू नकोस, वाईट आलाय."

तिने क्लच दाबला. "कडकच आहे," असं स्वतःशी म्हणाली आणि गिअर टाकला. गाडीने एक गचका दिला, एक उसासा टाकला आणि ती शेडमधून, अंगणातून, उघड्या गेटातून, क्रेनच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. क्रेनच्या ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, मग मी काय उचलू?" मेहुण्यांनी त्याला हातानेच जायला सांगितलं आणि ते गाडीमागे धावत सुटले.

गेटबाहेर ती थांबली. मेहुण्यांनी सवयीने पुढचं दार उघडलं, आणि ते लहानपणापासून बसत आलेल्या जागेवर, शेजारी, वर्तमानपत्र अंथरून बसले. फक्त या वेळी स्टिअरिंगवर कोण आहे, हे बघून त्यांना जरा आक्रसून बसावंसं वाटलं.

"अहो, चला ना," बायकोने हाक मारली. "येताना तो केक आणा. फसला असला तरी क्रीम चांगलंय. आणि मागे बसा, पुढे दादा आहे."

टाकीसाहेब मागे बसले. मध्यभागी खचलेला, वरून ओलसर केक त्यांनी मांडीवर सांभाळून धरला. मागून रस्ता दिसत नव्हता. दोन डोक्यांच्या फटीतून दाबाचा काटा तेवढा दिसत होता, छान मधोमध उभा. त्यांना तेवढंच बघायचं होतं. फारतर, आरशातलं बायकोचं कपाळ.

चौकात सिग्नल लागला. हिरवा झाला, गाडीने गचका दिला आणि ती बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट उसळला. बायकोने किल्ली फिरवली. क्लच लवकर सुटला, पुन्हा गचका, पुन्हा बंद. मागच्या गाडीतला एक घाईतला गृहस्थ उतरून खिडकीशी आला.

"अहो बाई, काय झालंय काय?"

बायकोने मान वळवली नाही. किल्लीवरचा हात न काढता ती शांतपणे म्हणाली, "हवा अडकलीये. थोडा वेळ थांबा."

गृहस्थाचं समाधान झालं नाही. तो मागच्या खिडकीशी आला आणि मांडीवर केक घेऊन बसलेल्या, कपाळावर क्रीम लागलेल्या भारदस्त माणसाला त्याने विचारलं, "खरं का हो हे?"

इंजिनात हवेचा बुडबुडासुद्धा नव्हता, हे सबंध शहरात टाकीसाहेबांइतकं खात्रीने कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी केक किंचित सावरला आणि चेहरा ऑफिसातल्यासारखा केला.

"वर कळवलंय," ते म्हणाले.